थांबलेलं रडणं

रत्ना गेली हे मला कळलं तेव्हा मी पायाची नखं काढत बसलो होतो. नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार होता, सकाळचे पावणेअकरा. फोन करडीहून माझ्या साळ्याचा, जागेश्वरचा होता. रत्ना तीन दिवस आधी तिकडे, माहेरी, गेली होती. तिच्या चुलतकाकूचा दहावा होता. जागेश्वर म्हणाला, "जवाईबापू, लवकर या जी." मी म्हटलं, "काय झालं?" मागं कुठंतरी धानाचं मळणीयंत्र चालू होतं, त्याची घरघर येत होती. मग म्हणाला, "बाई चहा पेत होती. कप खाली ठेवला आन् आडवी झाली. मोहाडीच्या दवाखान्यात नेऊन राहिलो होतो, रस्त्यातच गेली." मी विचारलं, "किती वाजता?" तो म्हणाला, साडेनऊ. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. मग दुसऱ्या पायाची नखं काढली. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण तसंच झालं. नखं कागदात गोळा केली, कागदाची पुडी केली, ती कचऱ्यात टाकली, कुकरखालचा गॅस बंद केला. शेजारच्या आनंदरावांकडे गाडी आहे. ते निवृत्त शिक्षक, माणूस चांगला. दार वाजवलं असतं तर त्यांनी मला तासाभरात करडीत पोचवलं असतं. मला ते सुचलंच नाही. मला एवढंच आठवलं की करडीकडे जाणारी गाडी बारा दहाला आहे. एकोणतीस वर्षं मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, त्यातली दोन लाखांदूरला, बाकी सगळी भंडाऱ्याच्या स्टँडवर. खिडकीत बसून मायकात गाड्या पुकारायचं माझं काम. मी स्टँडवर गेलो आणि बाकावर बसून गाडीची वाट पाहिली. खिडकीतल्या नव्या मुलानं ओळखलं. "साहेब, कुठं निघाले?" मी म्हटलं, करडीला, मयत आहे. "कोनाची जी?" मी म्हटलं, साळ्याकडची.

करडीला पोचलो तेव्हा जागेश्वरच्या अंगणात तीस-पस्तीस बाया बसल्या होत्या. कापणीचे दिवस, तरी शेतातलं काम टाकून आल्या होत्या. काहींच्या लुगड्याला धानाचा भुसा तसाच होता. मधे रत्ना होती. मी फाटकातून आत पाय ठेवला, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मग कोणी काही बोललं नाही. दीड-दोन तास कोणी काही बोललं नाही. बाया पदर तोंडाशी धरून बसून राहिल्या. पुण्याहून माझा मुलगा वीरेंद्र नागपूरपर्यंत विमानानं आला, मग दिवस बुडायच्या आत सगळं रीतीप्रमाणे झालं. मला त्या शांततेचा राग आला. वरून मी शांत होतो, पण पुढचे नऊ दिवस तोच राग मनात धरून होतो. ज्या बाईनं या गावातल्या प्रत्येक मयतीत जीव ओतला, तिच्या मयतीत एकीनंही तोंड उघडू नये. मला वाटलं, ती भंडाऱ्याची झाली म्हणून यांनी तिला परकी केली.

आमच्याकडे बाया सांगून रडतात, हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. नुसतं हुंदके देणं वेगळं. सांगून रडणं म्हणजे मेलेल्या माणसाला हाक मारून, चालीवर, त्यानं आयुष्यात काय काय केलं ते त्यालाच ऐकवायचं. जवळचं माणूस दारात आलं की सुरू करायचं. ओळीमागून ओळ येते. एकीनं सोडली की दुसरी उचलते. सगळ्यांना ते येत नाही. रत्नाला येत होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी ते ऐकलं ते तिच्या मावशीच्या मयतीत. मावशी भांडखोर होती, अख्ख्या आळीशी तिचा अबोला. रत्ना तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, अवं माहे मावशी वो, बांधावरची बोर कोनाले खाऊ देल्ली नाही वो, अवं माहे मावशी वो, तापात पडलेल्या पोराच्या उशाशी मात्र गुपचूप ठेवून गेली वो. तोपर्यंत सगळे चुळबुळत होते. ती ओळ आली आणि मावशीशी दहा वर्षं न बोललेला माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. मला भीती वाटली. एखादी बाई असं आतलं बाहेर काढते, ती आपल्याही घरात राहणार आहे, असं काहीतरी मनात आलं. घरी येताना बसमध्ये मी तिला विचारलं, "तुला खरंच रडू येतं, की आणतेस?" तिला राग आला नाही. ती खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "पहिले शब्द येतात, मंग पानी. पानी पहिले आलं त गळा बंद होते. मंग त्या माणसाचं सांगन कोन?" मी हसलो. तिकीट फाडणारा कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं ऐकलं की काय, याचीच मला जास्त काळजी होती.

दहाव्या दिवशी पुन्हा करडीला गेलो. नदीवरचं सगळं उरकून आलो तेव्हा पडवीत बेबीबाई एकटी बसली होती. बेबीबाई रत्नाची लहानपणची मैत्रीण, गावातल्या गावातच दिलेली, आता विधवा. तळहातावर तंबाखू मळत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बेबीबाई, रत्ना तुमच्या सगळ्यांसाठी रडली. तिच्यासाठी तुमच्यापैकी कोणाला एक शब्द सुचला नाही?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडा आहे. "तुमीच त थांबवलं जी." मी म्हटलं, "मी?" "मंग कोन? फाटकातून आले आन् असा हात देल्ला." तिनं तंबाखूचा हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताचा पंजा पुढे करून दाखवला, उभा, बोटं जुळलेली. "मी 'अवं माहे' म्हनलं होतं, पुढचा शब्द तोंडात होता. मालकानंच नाही म्हनलं, मंग आमी काहून रडाव? बायाइचे गळे दुखून राहिले होते, असं गिळलं सगळ्याइनं." मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, "तुमाले नसन आठवत. आमी पाहिलं न."

तो हात मला माहीत होता. स्टँडवर गाडी लागली की लोक खिडकीला झोंबतात, पन्नास जण एकदम विचारतात, आणि मायकात बोलायच्या आधी मी तो हात वर करायचो. थांबा. लोक थांबायचे. माझं दुःख त्या दिवशी नेमकं कुठं होतं हे मला सांगता येत नाही. पण अंगाला जे येत होतं ते अंगानं केलं. समोर तीस तोंडं उघडत होती आणि हात वर गेला. आनंदराव म्हणतात, माणूस भावनेच्या भरात काहीही करतो. मला तर भर जाणवलाच नाही. मी नखं काढली, गाडीची वाट पाहिली, लोकांना थांबवलं. सगळं नीट केलं. त्यालाच भावना म्हणायचं असेल तर ती माझ्या अंगातून कामगारासारखी काम उरकून गेली, मला न सांगता.

आणि तो हात रत्नानंही आधी पाहिला होता. बारा वर्षांपूर्वी माझी आई गेली, भंडाऱ्यात, आमच्याच घरात. बाहेर खुर्च्यांवर डेपोतली माणसं, वसाहतीतले लोक, दोन साहेबही आले होते. आत रत्नानं सुरू केलं. अवं माहे सासूमाय वो, लेकराच्या बारशापावतर बारा दिवस मले शिळा भात घातला वो. बाहेर एक साहेब खाकरला. अवं माहे सासूमाय वो, तेराव्या दिवशी... मी दारात जाऊन हात वर केला. ती थांबली. तिनं मान खाली घातली आणि आईच्या पायाचं बोट धरून बसली. नंतर मी तिला म्हटलं, "लोकांसमोर घरातल्या गोष्टी कशाला?" त्यानंतर ती भंडाऱ्यात कोणासाठीही सांगून रडली नाही. करडीला मात्र जायची, कोणी गेलं की. मी समजत होतो की तिला माहेरची ओढ आहे.

जानेवारीत आनंदरावांनी मला जबरदस्तीनं वाचनालयात नेलं. नागपूरचे कोणी प्राध्यापक बोलणार होते, साहित्यातली भावना असा विषय होता. आनंदराव म्हणाले, घरात बसून काय करणार, चला. प्राध्यापक चांगले बोलले. म्हणाले, आयुष्यातलं दुःख आपल्याला नको असतं आणि पुस्तकातलं दुःख आपण विकत घेऊन वाचतो, याचं कारण काय? म्हणाले, लेखक कच्ची भावना शिजवून देतो, म्हणून ती पचते. मी मागच्या रांगेत होतो. त्यांनी नावं घेतलेली पुस्तकं मी वाचलेली नाहीत. पण शिजवण्याचं ऐकलं आणि मला ती बस आठवली, खिडकीकडे तोंड करून बसलेली रत्ना आठवली. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी कधी उठलो नसतो, पण उठलो. म्हटलं, "सर, शब्द आधी येतो की पाणी?" त्यांना समजलं नाही. मी म्हटलं, "डोळ्यातलं पाणी." ते म्हणाले, फार महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि घड्याळाकडे पाहिलं. लोक हसले, वाईट हेतूनं नाही. परतताना आनंदराव म्हणाले, "मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं, मारोतराव. पोरांना विचारायचो, या कवितेतील भावना तुमच्या शब्दांत लिहा. पाच गुण. सगळे लिहायचे, कवीला दुःख झाले आहे." मग म्हणाले, "पूर्ण गुण द्यायचो मी."

वीरेंद्र दर रविवारी फोन करतो. मी त्याला हाताचं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मनात असलं म्हणजे झालं. आईला माहीत होतं." मी म्हटलं, काय माहीत होतं? तो म्हणाला, "तुमचं प्रेम." मला त्याचा राग नाही. पण मनात असतं म्हणजे कुठं असतं, हे मी रोज शोधतो आणि मला तिथं रत्ना सापडत नाही. तिथं एक धूसर, चांगली बाई सापडते. कोणाचीही बायको असू शकेल अशी.

फेब्रुवारीत मी बेबीबाईकडे गेलो आणि सरळ म्हटलं, माझी चूक झाली, आता रडा. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "हे का गाडी होये, चुकली त दुसरी लागन?" मी उभाच राहिलो. मग तिनं पाट सरकवला. "बसा. मले सांगा, कायचं रडू? ती अठरा वर्साची होऊन या गावातून गेली. तिथपर्यंतचं माह्यापाशी आहे. पुढचं तुमच्यापाशी. काढा." मी म्हटलं, ती फार प्रेमळ होती. "प्रेमळ त माही म्हैसही आहे." मी म्हटलं, तिनं कधी तक्रार केली नाही. "तुमच्यापाशी नसन केली. पुढं?" मी म्हटलं, घर स्वच्छ ठेवायची, मुलाला शिकवलं, सासूची सेवा केली. बेबीबाईनं सुपातला खडा काढून लांब फेकला. "जवाईबापू, हे त पेपरात फोटोखाली छापतात. याच्यावर रडू येते का कोनाले? तिले राग आला त काय करे, ते सांगा."

मला सांगता येईना. चाळीस वर्षं. ती खडे काढत राहिली. मग मला मिक्सर आठवला. आईची तेरवी झाल्यानंतरची गोष्ट. दुपारी मी रात्रपाळीसाठी झोपलेला असायचो आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू व्हायचा. बराच वेळ चालायचा. एकदा उठून गेलो तर भांडं रिकामं. झाकण लावलेलं, आत काही नाही, मिक्सर फिरतोय आणि रत्ना ओट्याला दोन्ही हात टेकून उभी, पाठ माझ्याकडे. मी म्हटलं, "अगं, मोटर जळेल." तिनं बटण बंद केलं. तोंड धुतलं आणि विचारलं, चहा ठेवू का? असं किती वेळा झालं असेल? आम्ही त्या वर्षांत दोन मिक्सर बदलले. मी दुकानदाराशी भांडलो होतो, माल हलका देता म्हणून.

हे मी बेबीबाईला सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले. म्हणाली, "हे ठेवा. हे कामाचं आहे." मग विचारलं, "सासूच्या वेळेस तिले कुठं थांबवलं होतं, मालूम आहे का तुमाले?" मी म्हटलं, शिळ्या भाताशी. म्हणून तर थांबवलं. "पुढची ओळ नाही आयकली?" नाही. "तिनं इथं आनून पुरी केली, दुसऱ्याच बाईच्या मयतीत. आपलं अडलेलं असंच काढा लागते." बेबीबाईनं चाल लावली नाही, नुसतं सांगितलं, बाजाराची यादी सांगावी तसं. अवं माहे सासूमाय वो, तेराव्या दिवशी हातचे कडे मोडले वो, माह्या लेकराले दूध नाही म्हनून बकरी आनली वो. मला बकरी आठवत होती. वीरेंद्र तिच्या दुधावर वाढला. आई म्हणायची, भावानं दिली. आईच्या हातातली चांदीची कडी कधी गेली ते मी पाहिलंच नव्हतं. म्हणजे माझ्या आईचा चांगुलपणा दारापर्यंत आला होता, आणि मी अपमान तेवढा ऐकून हात वर केला होता. त्या दिवशी आलेले लोक माझ्या आईला अजून शिळ्या भाताची बाई म्हणून ओळखतात.

मी म्हटलं, "आता तुम्ही रत्नाचं रडा, बेबीबाई. मी आणखी आठवून आणतो." ती म्हणाली, "आना. पन सुरू मी नाही करत. बायाही नाही करत. मी इचारलं त्याइले." मी म्हटलं, का? "ज्यानं हात देल्ला त्यानंच खोला लागन. पहिली ओळ तुमची. मंग आमी आहोच, संध्याकाळपर्यंत थांबत नाही पाहा." मी म्हटलं, पुरुष कधी सांगून रडतात का? "पुरुष कधी थांबवतात का? तुमी थांबवलं." मग ती पहिल्यांदा हसली. "तीस वर्स मायकात बोलले न जी? आता बिना मायकाचं बोला."

तेव्हापासून मी वही घेऊन बसतो. जे आठवतं ते लिहितो, आणि बेबीबाई सुपातून खडा काढते तसा चांगुलपणाचा प्रत्येक शब्द काढून टाकतो. प्रेमळ गेलं, सोशिक गेलं. उरलं ते थोडं आहे. पोळी भाजताना पहिली पोळी ती उभ्यानं खायची, कारण नंतर भूक मरते म्हणायची. लाखांदूरला आम्ही दोन वर्षं एका खोलीत राहिलो, तिथं ती मला पत्ते शिकवायची आणि मुद्दाम हरायची, हे मला आता कळलं. कुलूप लावल्यावर तीनदा ओढून पाहायची. मी रागावलो की माझा शर्ट इस्त्री करून ठेवायची पण एक बटण लावायची नाही, तेवढंच. या गोष्टी लिहिताना मला रडू येत नाही. पण लिहून झाल्यावर घर वेगळं दिसतं. इतके दिवस मला वाटायचं की आधी वाटतं आणि मग माणूस बोलतो. आता वाटतं की माझ्यासारख्याला बोलल्याशिवाय वाटतच नाही. वाटण्याची जागा आत असेलही, पण तिथं जायचा रस्ता अशा एखाद्या बटणावरून जातो.

करडीला मी आतापर्यंत तीनदा जाऊन बसलो. पहिल्यांदा बाया जमल्या, जागेश्वरनं सतरंजी टाकली. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "रत्ना..." आणि माझा आवाज अगदी गाडी पुकारल्यासारखा आला, सपाट, स्पष्ट, सगळ्या फलाटांवर ऐकू जाईल असा. मागची एक म्हातारी म्हणाली, "कोनत्या गावाची गाडी लागली वो?" सगळ्या हसल्या. मीही हसलो. रत्ना गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, आणि बेबीबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली, आज राहू द्या, चहा घ्या. दुसऱ्यांदा गळाच बंद झाला. तिसऱ्यांदा मी वही नेली होती. बेबीबाईनं ती हातातून काढून घेतली, तिला वाचता येत नाही, तरी पानं उलटून पाहिली आणि स्वतःच्या मांडीखाली ठेवली. म्हणाली, "पाठ नाही कराव. बाईकडे पाहून बोलाव." मी म्हटलं, बाई कुठं आहे? तिनं अंगणाच्या मधल्या रिकाम्या जागेकडे मान केली, जिथं रत्नाला ठेवलं होतं. बाया गोल करून बसल्या होत्या आणि ती जागा त्यांनी मोकळी सोडली होती. मी तिकडे पाहिलं. दोन्ही हात मी मांडीखाली घेतले होते, हे मला नंतर लक्षात आलं. अर्धा तास झाला. मग एकेक बाई उठली. जाताना एकीनं माझ्या खांद्याला हात लावला.

आता जून संपत आला आहे. करडीत रोपांसाठी धानाचे पऱ्हे टाकून झाले आहेत, पंधरा-वीस दिवसांत त्यांची रोवणी लागेल. बेबीबाईचा निरोप आला, रोवणीच्या आधी या, मग बायांना फुरसत नाही, आणि पुढच्या वर्षी कोण राहील ते सांगता येत नाही. वहीत चौदा ओळी आहेत. शेवटची बटणाची आहे. पहिली कोणती ते ठरलं आहे. मी ती अजून तोंडातून काढलेली नाही, आणि रत्नासाठी अजून कोणी रडलेलं नाही.